हजेरीचा महिना

जानेवारी लागला की रत्नागिरीत माणसं दोन गोष्टींचा अंदाज घेत फिरतात. एक आंब्याचा मोहोर आणि दुसरी कार्यक्रमांच्या तारखा. मोहोराचं काही सांगता येत नाही. थंडी टिकली तर धरतो, मळभ आलं तर गळतो. कार्यक्रम मात्र कुठल्याही हवेत धरतात. थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव, चारुदत्त आफळेबुवांची कीर्तनसंध्या, ‘खल्वायन’ची दर महिन्याची मैफल ही तर ठरलेली. त्यात स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात राज्य संगीत नाट्य स्पर्धा आली असेल तर विचारूच नका. स्पर्धेची तिकिटं कित्येक वर्षं दहा-पंधरा रुपयांची, त्यामुळे ‘परवडत नाही’ हे कारणही पुढे करता येत नाही.

एवढं सगळं असताना एका वर्षी आमच्या मांडवीतल्या काही उत्साही मंडळींनी आणखी एक काढलं. एका जुन्या सभागृहात महिनाभर, शनिवारी गाणं आणि रविवारी सिनेमा. प्रवेश मोफत. मोफत म्हटलं की आमच्याकडचा माणूस आधी पत्रिका उलटी करून मागे काही लिहिलंय का ते बघतो. वर्गणीची वही नंतर फिरणार हे तो धरूनच चालतो, आणि ती फिरतेही.

मांडवीला करमणुकीची सवय नाही असं मात्र कुणी समजू नये. जुनी माणसं सांगतात, इथे पूर्वी एक खेळ असायचा आणि त्याचं तिकीट फक्त खेळात काम करणाऱ्यांना काढावं लागे. मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. पडाव तिच्याकडे जायचे आणि माणसं, ट्रंका, वळकट्या, ओकून ओकून हिरवट झालेली पोरं असं सगळं डुलत डुलत किनाऱ्याला यायचं. ज्यांच्या घरी कुणी येणार नसे तेही काळ्या वाळूत हजर. कोण आलं, कुणाबरोबर आलं, किती दिवसांसाठी आलं आणि तब्येत मागच्या वेळेपेक्षा सुटली की उतरली, याची पक्की नोंद तिथेच व्हायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे खेळ बंद. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी धावायला लागली तोवर बोटीचं नाव फक्त आठवणीत उरलं होतं. आणि रेल्वेचं स्टेशन पडलं गावाबाहेर, वर. नुसतं बघायला म्हणून तिथे कोण रिक्षाचं भाडं भरणार? म्हणजे मांडवीत प्रेक्षक तयार होता, खेळच नव्हता. त्या उत्साही मंडळींनी हे बरोबर हेरलं असावं.

पहिला सिनेमा ‘श्यामची आई’. रत्नागिरी जिल्ह्यात यावर मतभेद होऊच शकत नाहीत. साने गुरुजी आमच्या जिल्ह्यातल्या पालगडचे. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेल्या या सिनेमाला देशातल्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, ही माहिती निवेदकानं सांगितली, पाहुण्यांनी पुन्हा सांगितली आणि आभार मानणाऱ्यानं जाता जाता आणखी एकदा सांगितली. पूर्वी टॉकीजमध्ये रीळ तुटायचं, अंधार व्हायचा, शिट्ट्या पडायच्या आणि मागच्या भोकातून ऑपरेटरच्या नावानं शिव्या जायच्या. आता रीळ नाही. आता लॅपटॉप असतो आणि तो कुणाच्या तरी कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा असतो. वनमालाबाई पदरानं डोळे पुसताहेत, सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येताहेत, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला: बॅटरी दहा टक्के. मुलगा धावला. चार्जर सापडला, पण त्याची पिन तीन दांड्यांची आणि भिंतीतली भोकं दोन. मग अॅडॉप्टरचा शोध. तोपर्यंत भर आईच्या कपाळावर माउसचा बाण कुंकवासारखा स्थिर. या सगळ्यात रडणाऱ्या बायकांनी रडणं थांबवलं नाही. एकदा पदर डोळ्याला लागला की वीज गेली तरी तो तिथून हलत नाही.

दुसऱ्या रविवारी अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. वडील गेलेला मुलगा, बदलीवर कोकणात आलेली आई आणि गावातली नवी मित्रमंडळी. बर्लिनच्या महोत्सवात बालचित्रपटांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळवलेला सिनेमा. बर्लिनच्या परीक्षकांनी तो कसा पाहिला मला माहीत नाही, पण आमच्याकडे तो जमिनीच्या मोजणीला आल्यासारखा पाहिला गेला.

“हे गुहागरकडचं.”

“छे, ही खाडी बघा की.”

“खाडी काय बघायची, माड बघा. त्या माडावरून सांगतो.”

मुलाचं दुःख मोठं होतं, पण आधी तो नेमका कुठे उभा राहून दुःख करतोय हे ठरल्याशिवाय कुणाला ते मनावर घेता येईना. कोकणावरचा सिनेमा कोकणात दाखवणं ही धाडसाचीच गोष्ट. आमच्या तक्रारी जुन्या आहेत. सिनेमातला कोकणी माणूस, मग तो दापोलीचा असो की राजापूरचा, तोंड उघडलं की मालवणीच बोलतो. दिवाळीच्या प्रसंगात मागे हापूस लगडलेले असतात. आणि पाऊस! ज्या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथल्या माणसाला अग्निशमन दलाच्या बंबाचा पाऊस दाखवून फसवता येत नाही. पहिल्या दोन थेंबांतच तो सांगतो, नळी डाव्या बाजूनं धरलीय. ‘किल्ला’मधला पाऊस मात्र एकमतानं पास झाला. सिनेमा संपल्यावर एकानं मला ‘पाऊस चांगला होता’ एवढंच सांगितलं, आणि आमच्याकडे याहून मोठी समीक्षा कुणी करत नाही.

तिसऱ्या रविवारचा अनुभव वेगळा. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’, १९३६ सालचा. व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक चित्रपटांत गौरवलेला. त्या दिवशी आजी-आजोबांची गर्दी. विष्णुपंत पागनीसांनी पहिला अभंग धरला आणि पुढच्या रांगेतून एका म्हातारीच्या टाळ्यांचा ठेका सुरू झाला. दुसऱ्या अभंगाला निम्मं सभागृह गात होतं. पडद्यावरचे तुकोबा नव्वद वर्षांमागचे, खाली गाणारी माणसं आजची आणि दोन्हींत अर्ध्या मात्रेचं अंतर, कारण पागनीस थांबायला तयार नाहीत आणि म्हातारी घाई करायला तयार नाही. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की सिनेमा फार निगरगट्ट असतो. तुम्ही आलात काय, नाही आलात काय, मध्येच उठून भजी खायला गेलात काय, त्याला पत्ता नसतो. वैकुंठाला जायची वेळ झाली की तुकोबा निघतात. मांडवीकरांसाठी ते एक कडवं जास्तीचं म्हणणार नाहीत.

गाणाऱ्याचं तसं नसतं. तो बसल्या बसल्या माणसं मोजतो.

शनिवारचं गाणं साडेसहाचं. साडेसहाला सतरंज्या अंथरायला सुरुवात होते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळे सातला येतात. हे कलाकारांच्या कानावर गेलेलं, म्हणून ते सव्वासातला. मग वाद्यं लागतात, आणि मांडवीत वाद्य लावणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, संध्याकाळी दमट वारं सुटलं की पुडी ओल धरते आणि तबला उतरतो. एका शनिवारचा तबलजी सोलापूरकडचा, तरुण, कोरड्या हवेत वाढलेला. गट्टे ठोकून, मग गजऱ्यावर हातोडीच्या बारीक टिचक्या देत देत त्यानं काळी एकमध्ये तबला सुरेख लावला, हातांना पावडर चोळली आणि चहा घेतला. चहा संपेस्तोवर तबला खाली. पुन्हा हातोडी. पुन्हा सूर मिळाला, तर आता निवेदक बोलायला उभा राहिला. निवेदन संपेपर्यंत तबला पुन्हा खाली. तिसऱ्यांदा त्यानं हातोडी उचलली तेव्हा गायकानं हसून तंबोऱ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे तिकडेही तीच रड. शेवटी कुणीतरी घरून टेबलावरचा पिवळ्या बल्बचा दिवा आणला आणि तबल्याजवळ ठेवून दिला, पुडीला ऊब म्हणून. गाणं चांगलं झालं. पण मला त्या मुलाच्या कपाळावरचा घाम अजून दिसतो. सोलापुरात परत गेल्यावर त्यानं तबल्याला पहिल्यांदा काय सांगितलं असेल कोण जाणे.

थिबा राजवाड्याच्या हिरवळीवर तर वरून दवच पडतं. तिथे तबलजी आणि हवामान यांची जुगलबंदी रात्री उशिरापर्यंत रंगते, आणि श्रोते कानटोपी, शाल आणि वर आणखी एक शाल अशा बंदोबस्तात ती ऐकतात. तिथे गेलो की मला गाण्याआधी त्या वाड्याचाच विचार येतो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि थोड्याच महिन्यांत रत्नागिरीत आणून ठेवलं. वाडा बांधून झाला आणि तो राहायला गेला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ साली इथेच वारला. तीस वर्षं या गावात त्याची हजेरी सक्तीची होती. दुसरे सावरकर. १९२४ ते १९३७ जिल्ह्याबाहेर जायला बंदी. त्या स्थानबद्धतेत त्यांनी संगीत नाटकंही लिहिली. ‘उःशाप’ १९२७ चं, ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ चं. हे दुसरं दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीनं रंगभूमीवर आणलं. गावातल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे ते नुसतं आदरापोटी नाही, नाटककार म्हणूनही त्यांचा त्यावर हक्क पोचतो. रत्नागिरीच्या दोन नामांकित रहिवाशांना गाव सोडता येत नव्हतं. आम्हाला सोडता येतं, पण जानेवारीत ते जमत नाही.

कारण हजेरी आमचीही घेतली जाते. तिला मस्टर नाही. रविवारी सकाळी राम आळीत भाजी घेताना कुणीतरी गाठतं.

“काय हो, काल दिसला नाहीत?”

या चार-पाच शब्दांत चौकशी असते, काळजी असते आणि थोडा पंचनामाही असतो. उत्तर तयार ठेवावं लागतं. ‘पाहुणे आले होते’ चालत नाही, कारण पाहुणे आल्याचं विचारणाऱ्याला आधीच कळलेलं असतं किंवा न आल्याचं तरी. ‘बरं नव्हतं’ म्हणावं तर दुपारी चौकशीला माणूस घरी येतो, आणि त्याच्यासाठी पांघरूण घेऊन पडावं लागतं. त्यापेक्षा कार्यक्रमाला गेलेलं सोपं. आमच्या घरात तर हे खातं सौभाग्यवतींकडे आहे. एका शनिवारी मी अंग टाकून पडलो होतो तर म्हणाल्या, “अहो, तुम्ही खुशाल झोपा. पण उद्या बाजारात कोणाकोणाला काय सांगायचं ते एका कागदावर लिहून ठेवा.” मी उठलो आणि सदरा घातला.

मुंबई-पुण्याच्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. म्हणतात, म्हणजे तुम्ही लोक धाकानं गाणं ऐकता. ऐकतो. मला त्यात लाज वाटत नाही. त्यांच्याकडे मोबाइलवर तिकीट काढायचं, अंधारात बसायचं, अंधारात उठायचं. कुणी गेलं नाही तर शेजारच्या खुर्चीलाही कळत नाही. आवडेल तिथे ते जातात. आम्ही आधी जातो, आवडायचं असेल तर नंतर आवडतं. मला मारवा कळायला लागला तो लोकलाजेमुळे. पहिल्या काही वेळा नुसता अस्वस्थ होऊन घड्याळ बघत होतो, षड्ज कधी येतो म्हणून. पण उठून जाता येत नव्हतं, समोरच्या खांबाला टेकून ओळखीचे डॉक्टर बसले होते आणि त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. बसावंच लागलं, आणि अशाच एका सक्तीच्या संध्याकाळी मारवा आत शिरला. एकट्यानं घरी ऐकत असतो तर पहिल्या पाच मिनिटांतच बंद केला असता.

सभागृहातली बैठकही या हजेरीवरच बेतलेली असते. पहिली रांग वर्गणी देणाऱ्यांची आणि वर्गणी द्यावी अशी अपेक्षा असलेल्यांची. मधे खरे कानसेन, डोळे मिटलेले, त्यातले थोडे झोपलेले. फरक समेवर कळतो. खांब मिळवायला मात्र लवकर यावं लागतं. पाठ टेकून गाणं ऐकण्याइतकं सुख नाही, म्हणून खांबाशेजारी सहा वाजताच पिशव्या दिसायला लागतात. दाराशी बसतात ते पावस, कोतवडे अशा गावांतून आलेले. त्यांचं एक लक्ष एसटीच्या शेवटच्या गाडीकडे असतं आणि ते अगदी रास्त आहे. पण सभागृहापासून दोन घरं सोडून राहणाराही दाराशीच का बसतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. भैरवीचे पहिले सूर लागले की तो चपला शोधायला लागतो. भैरवी त्याला चांगली ओळखता येते. दुसरा एकही राग येत नसला तरी.

सत्काराबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण सत्कारात कुणीही दोन शब्दांत आवरत नाही. समई पेटवताना वारा येतो. चार माणसं हातांचा आडोसा करतात, पाचवा खिडकी लावायला जातो आणि खिडकी लागत नाही. मग शाल आणि श्रीफळ. बाहेरून आलेल्या कलाकाराला शहाळं-नारळाचं अप्रूप असेल, पण स्थानिक कार्यकर्त्यांच्या सत्काराचं काय? ज्याच्या परड्यात वीस माड त्यालाच मंचावर बोलावून एक नारळ देतात. तोही तो दोन्ही हातांनी घेतो, कपाळाला लावतो. एका गृहस्थांनी खाली आल्यावर तो कानाजवळ नेऊन हलवला, आतल्या पाण्याचा आवाज ऐकला आणि शेजाऱ्याला म्हणाले, “आमच्याच वाडीतला आहे. मीच दिला होता काल, समितीला.” हिशेब चोख. नारळ घरचा घरी, सत्कार वरती.

माझे एक शेजारी निवृत्त पोस्टमास्तर आहेत. महिनाभर त्यांच्या तक्रारींचा रतीब चालू होता. सिनेमाचा आवाज मोठा, गाण्याचा लहान. खुर्च्या लोखंडी, सतरंजी टोचरी. निवेदकाची विशेषणं फार, माहिती कमी. “एवढे कार्यक्रम कशाला करायचे हो? माणसाला घरी बसायची काही सोय?” असं ते सभागृहाच्या पायरीवर चपला काढता काढता विचारायचे आणि आत जाऊन खांब धरायचे. खांब त्यांना कायम मिळायचा. त्यांची पिशवी पाच वाजताच पोचलेली असे.

शेवटच्या दिवशी, सगळी आभारप्रदर्शनं उरकल्यावर, संयोजकांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा फिरवला. प्रेक्षकांनी आपल्या सूचना चिठ्ठीवर लिहून त्यात टाकाव्यात. नाव लिहायची गरज नाही. नाव न लिहायची मुभा मिळाली की रत्नागिरीकर मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी संयोजकांच्या घरी आम्ही चार-पाच जण चहाला बसून त्या चिठ्ठ्या वाचत होतो. ‘वडे गार होते.’ ‘वडे फार गरम होते, गाण्यात लक्ष लागलं नाही.’ ‘दाराजवळ खुर्च्या वाढवाव्यात.’ ‘संत तुकाराम पुन्हा लावावा, आमच्या आईला शेवटचा अभंग पुरा म्हणता आला नाही.’ ‘मालवणी नसलेला एखादा सिनेमा असल्यास बघावा.’ एकानं फक्त ‘ठीक’ लिहिलं होतं; संयोजकांनी ती चिठ्ठी वेगळी काढून जपून ठेवली, कारण आमच्याकडे ठीक म्हणजे उत्तम.

सगळ्यात तळाला एक चिठ्ठी निघाली, पोस्टकार्डाच्या आकाराचा कापलेला कागद, डाव्या बाजूला समास सोडलेला, आणि नाव नसलं तरी पत्त्याच्या ओळीसारखं ठसठशीत, सुटं सुटं अक्षर. मजकूर असा: ‘कार्यक्रम अति झाले. पुढील वर्षी उपक्रम फेब्रुवारीत ठेवावा. दिवस कमी असतात. माझी जागा डावीकडून दुसरा खांब.’